अंगातला पारा आणि उन्हाचा पारा

पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात, त्यामुळे मुळातच ४० ते ४२ अंश सेल्सिअस तापमानाचे असलेले त्यांचे शरीर ऐन उन्हाळ्यात थंड ठेवायचे, तर चोच उघडून धापा टाकणे आणि श्वासमार्गातील ओलावा वाफेच्या रूपाने बाहेर सोडणे यावरच मुख्य भिस्त असते. एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. उपाय गुणकारी खरा, पण महागडा, कारण कडाक्याच्या उष्म्यात लहान पक्ष्याच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून अधिक पाणी तासाभरात उडून जाऊ शकते. हा ताळमेळ राखण्यासाठी धडधाकट मूत्रपिंडे, पुरेसे हिमोग्लोबिन आणि चयापचयाचा वेग ठरवणारी थायरॉइडची संप्रेरके लागतात, आणि जड धातूंचा घाव बसतो तो नेमका इथेच. शिसे हिमोग्लोबिनच्या घडणीतील एका विकराला निकामी करते, कॅडमियम मूत्रपिंडात साचत जाते, तर पारा मज्जासंस्थेबरोबर संप्रेरकांच्या कामातही ढवळाढवळ करतो.

याचे उत्तम अभ्यासलेले उदाहरण अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, शेनन्डोआ खोऱ्यातील साउथ रिव्हर या नदीकाठी सापडते. तेथील वेन्सबरो गावच्या ड्यूपाँट कंपनीच्या कारखान्यात १९२९ ते १९५० या काळात कृत्रिम धाग्याच्या निर्मितीसाठी पाऱ्याचे संयुग वापरले जात होते आणि त्यातील पारा नदीत उतरत होता. गाळातील जिवाणू त्याचे मिथाइलमर्क्युरीत रूपांतर करतात. हे संयुग शरीरात सहज शोषले जाते, पण लवकर बाहेर पडत नाही, म्हणून अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. विल्यम अँड मेरी या विद्यापीठातील डॅनियल क्रिस्टल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की, पाण्यात चोचही न बुडवणाऱ्या काठावरच्या पक्ष्यांच्या रक्तातही हा पारा पोहोचला होता, आणि त्याचे मोठे वाहक होते ते कोळी.

याच नदीकाठी पेट्यांमध्ये घरटी करणारा ‘ट्री स्वॅलो’ हा भिंगरीच्या कुळातला, निळसर पाठीचा, जेमतेम वीस ग्रॅमचा पक्षी. केली हॅलिंजर आणि क्रिस्टल यांच्या २०११ च्या अभ्यासात असे दिसले की, पिल्ले अगदी लहान असताना तापमान चढले, तर प्रदूषित काठावर ती जगण्याचे प्रमाण घटते; स्वच्छ काठावरच्या पिल्लांवर मात्र तशाच उष्म्याचा असा परिणाम आढळला नाही. अंड्यातून बाहेर पडणारे पिल्लू उघडेबोडके, आंधळे असते आणि स्वतःचे तापमान त्याला सुरुवातीचे काही दिवस राखता येत नाही. त्यातच शरीरातला पारा साठवून बाजूला टाकण्याची जागा म्हणजे वाढती पिसे, आणि ती तर अजून फुटलेलीच नसतात. या नदीकाठच्या पिल्लांमध्ये थायरॉइड संप्रेरकांची पातळी घटल्याचेही वेगळ्या अभ्यासात आढळले होते, तेव्हा धागा जुळतो. तरीही विषबाधेने आईबापांचे चारा आणणेच मंदावले असेल, ही शक्यता सोडून देता येत नाही.

अडचण आहे ती मोजमापाच्या पद्धतीत. एखाद्या धातूची किती मात्रा पक्ष्याला सोसेल, हे बहुतांशी प्रयोगशाळेत ठरते, जिथे दाणापाणी भरपूर आणि हवा बेताची असते. अशी मर्यादा तापलेल्या माळावर लागू करणे धाडसाचेच म्हणावे लागेल.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. दगडी कोळशात अल्प प्रमाणात पारा असतो आणि तो जाळणारे मोठे वीज केंद्र चंद्रपुरात आहे, जिथे उन्हाळ्यात तापमान ४६ अंशांच्याही वर जाते. पाऱ्याच्या वापरावर व उत्सर्जनावर निर्बंध आणणारा मिनामाता करार भारताने २०१८ मध्ये मान्य केला आहे. अशा ठिकाणी पक्ष्यांच्या रक्तातला किंवा पिसांतला पारा मोजणाऱ्या प्रत्येकाने घरट्याचे त्या त्या दिवसाचे तापमानही त्याच वहीत नोंदवावे.