तबकडीचें सोंवळें

गाण्याच्या तबकड्या घरोघरीं पुन्हां बाहेर निघूं लागल्या आहेत. माळ्यावरच्या पेट्या उघडल्या जात आहेत, वाडवडिलांचीं यंत्रें दुरुस्तीस जात आहेत, आणि तरुण मंडळीही हौसेनें नव्या तबकड्या विकत घेत आहेत. ही गोष्ट मोठ्या आनंदाची आहे. परंतु यंत्र कोणतें घ्यावें, सुई कोणती लावावी याविषयीं जितका खल होतो, त्याच्या शतांशही विचार तबकडी ज्या खोळींत ठेवावयाची त्या खोळीविषयीं होत नाहीं. वास्तविक तबकडी यंत्रावर असते ती घटकाभर. बाकीचा सारा जन्म तिचा खोळींतच जातो. या विषयावर लिहिण्याचा आमचा अधिकार पांडित्याचा नव्हे. तो आमच्या हातून घडलेल्या एका चुकीचा आहे.

आमचे वडील बंधु गाण्याचे मोठे षोकी. आम्ही त्यांस दादा म्हणत असूं. पहिल्या पगारापासून त्यांनीं तबकड्या जमविण्यास आरंभ केला. नाट्यगीतें, अभंग, गीतरामायण, ख्यालगायन अशा ३२ मोठ्या तबकड्या त्यांच्या मागें राहिल्या. २०११ सालीं ते गेले, तेव्हां ती पेटी वहिनींनीं विश्वासानें आमच्या स्वाधीन केली. आम्ही पडलों शाळामास्तर. पुस्तकांना वेष्टनें घालण्यांत आमचा जन्म गेलेला. दादांच्या कागदी खोळी पिवळ्या पडल्या होत्या, कडा फाटल्या होत्या. तें पाहून आम्हांस वाईट वाटलें, आणि एका दुकानांतून आम्हीं जाड, मऊ, कांचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या खोळी आणल्या. किंमत बरीच असल्यामुळें अकराच घेतल्या, आणि दादांच्या अत्यंत आवडीच्या ११ तबकड्या निवडून त्यांत घातल्या. उरलेल्या २१ आपल्या जुन्या कागदांतच राहिल्या.

मध्यें चार पावसाळे गेले. एका दिवाळीस पुतणी आली आणि म्हणाली, "काका, बाबा नरकचतुर्दशीच्या पहांटे लावीत ती तबकडी लावा ना." आम्हीं मोठ्या अभिमानानें ती चकचकीत खोळ उघडली. सुई टेकली मात्र, आणि सूर निघण्याआधींच खरखर सुरू झाली. तबकडी उजेडांत तिरकी धरून पाहिली, तों तिच्यावर दुधट पापुद्रा पसरलेला! साध्या पाण्यानें धुतली, साबणाच्या सौम्य पाण्यानें धुतली; डाग हालला नाहीं. मुलीनें गाणें शेवटपर्यंत ऐकलें आणि एवढेंच म्हणाली, "काका, गाणें पलीकडच्या वाड्यांत चाललें आहे आणि मध्यें पाऊस पडतो आहे, असें वाटतें." अकराही तबकड्यांची तीच गत झाली होती. ज्यांची आम्हीं उपेक्षा केली त्या एकवीस मात्र शाबूत होत्या.

असें कां झालें याचा शोध घेतां कळलें तें असें. १९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें जी मोठी, मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी तबकडी बाजारांत आणली, ती व्हिनाइल नामक कठीण प्लास्टिकची. आमच्या खोळीही जातीनें त्याच कुळांतल्या, पीव्हीसीच्या होत्या. परंतु हें प्लास्टिक मुळांत ताठ असतें. तें मऊ व्हावें म्हणून त्यांत एक तेलकट द्रव्य मिसळतात. उन्हाळ्याच्या उष्म्यानें आणि काळानें तें द्रव्य हळूहळू बाहेर पाझरतें. बेसनाच्या लाडवांचा पुडा वहीवर ठेवला म्हणजे तूप जसें पानांत उतरतें, तसें तें तबकडीच्या अंगांत उतरतें. मग तें धुऊन काढणें बहुधा अशक्यच.

वाचक म्हणतील, इतक्याशा पापुद्र्यानें काय बिघडतें? थोडें गणित करूं. तबकडीची एक बाजू २० मिनिटें वाजते, म्हणजे सुमारें ६६७ फेरे झाले. मधल्या फेऱ्याचा घेर सुमारें ६५ सेंटिमीटर धरला, तर सुईला एका बाजूस सव्वाचारशें मीटरांहून अधिक वाट चालावी लागते. आणि ही वाट केसाहून अरुंद! अशा वाटेवर धुळीचा कण म्हणजे धोंडा आणि तेलाचा थर म्हणजे चिखल होय.

आमच्या आजी सोंवळ्याच्या बाबतींत वस्त्र कोणतें चालतें आणि कोणतें चालत नाहीं हें काटेकोरपणें पाहत. तें चकाकतें किती हें पाहत नसत. तबकडीच्या अंगास जें लागावयाचें, त्याच्या बाबतींत हाच नियम पाळावा. तबकडीस पॉलिथिलीन चालतें, कारण तें मऊ करण्यास तेलकट द्रव्य लागत नाहीं. पीव्हीसी चालत नाहीं. दोहोंची पारख सोपी आहे. खोळ हातांत चुरगाळावी. पातळ, किंचित् दुधट असून सळसळ वाजली तर ती पॉलिथिलीनची समजावी. जाड, मऊ, बोटांस चिकटणारी आणि नव्या रेनकोटासारखा वास येणारी असली, तर ती कितीही सुंदर दिसो, दुकानांतच ठेवावी. बाहेरच्या वेष्टनासही हाच नियम लागू आहे.

आतां खोळींचे प्रकार सांगतों. पहिली निव्वळ कागदाची. ती स्वस्त असते. परंतु तबकडी आंतबाहेर करतांना कागदाच्या घर्षणानें बारीक ओरखडे उठतात, तंतु सुटतात, कोरड्या हवेंत वीज निर्माण होऊन धूळ ओढली जाते, आणि पावसाळ्यांत कागद ओल धरून बुरसतो. जुना कागद आम्लानें ठिसूळ होऊन त्याचा भुगाही पडतो. दादांच्या २१ तबकड्या वांचल्या म्हणून कागद उत्तम असें समजूं नये. त्यांवरचा दोष धुण्याजोगा होता इतकेंच. दुसरी, कागदास आंतून पॉलिथिलीनचें अस्तर लावलेली. ही ताठ राहते, वेष्टनांत सहज सरकते, आणि सामान्य कुटुंबास आम्ही हीच सुचवूं. तिसरी तीन पदरी. दोहों बाजूंस पॉलिथिलीन आणि मध्यें कागद. ही गुणानें उत्तम, पण किंमत अधिक. चौथी नुसत्या पातळ पॉलिथिलीनची, खालीं अर्धगोल आकाराची. जपानच्या नागाओका कंपनीच्या अशा खोळी प्रसिद्ध आहेत. ही वेष्टनांत घालतांना दुमडते, म्हणून तबकडीसह जुन्या कागदी खोळींत घालून मग वेष्टनांत सरकवावी. जुन्या खोळीवर गीतांची यादी किंवा चित्र छापलेलें असेल, तर ती टाकूं नये. तबकडीमागें वेष्टनांतच ठेवावी.

ज्यांच्या घरीं मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या असतील, त्यांस एक सूचना आहे. त्या लाखेच्या आहेत. पांडवांसाठीं जें लाक्षागृह उभारलें होतें, त्यांतलीच ही लाख. कानशींतून निघावी तशी बारीक दगडी पूड मिसळून त्या तबकड्या करीत. ओल त्यांची वैरीण, म्हणून त्यांना कोंदट प्लास्टिकपेक्षां आम्लरहित कागदाची भक्कम खोळच बरी. त्या मद्यार्कानें कधींही पुसूं नयेत. लाख त्यांत विरघळते.

खोळ बदलण्यापूर्वीं तबकडी धुऊन पूर्ण वाळवावी; मळकी तबकडी नव्या खोळींत घालणें म्हणजे न्हाल्यावांचून धूतवस्त्र नेसणें होय. ती कडेस व मधल्या कागदी चकतीस धरावी, बोटें रेघांस लावूं नयेत. बोटांच्या तेलावरही बुरशी धरते. आंतल्या खोळीचें तोंड वेष्टनांत वरच्या बाजूस येऊं द्यावें, म्हणजे धूळ कमी शिरते आणि तबकडी निसटून पडत नाहीं. तबकड्या ग्रंथांप्रमाणें सरळ उभ्या ठेवाव्या. आडव्या रचूं नयेत, कलत्याही ठेवूं नयेत. हा विचार कांहीं हौशी लोकांचें खूळ नव्हे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें तबकड्या व फिती कशा जपाव्या यावर पिकेट आणि लेम्को यांचा शास्त्रीय अहवाल १९५९ सालींच प्रसिद्ध केला.

१९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडलीं. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे, आणि तींत आपल्या गोमंतकांतील केरी गांवच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ती तबकडीही आमच्या दादांच्या तबकड्यांएवढीच, ३० सेंटिमीटर व्यासाची. ती पाठविणाऱ्यांनीं तिलाही खोळ घातली, ॲल्युमिनियमची. तेथें पाऊस नाहीं, बुरशी नाहीं, बोटेंही नाहींत. तरी खोळीचा विचार त्यांनीं केला.

आम्हीं तो केला नाहीं. गेल्या वैशाखांत त्या २१ तबकड्या धुऊन, अस्तराच्या नव्या खोळींत घालून पुतणीच्या हवालीं केल्या. तिनें उरलेल्या अकरांविषयीं विचारलें. त्या आम्हीं तिला दिल्या नाहींत. दर नरकचतुर्दशीस पहांटे त्यांतली एक आम्ही लावतों, आणि खरखरीच्या पलीकडलें गाणें शेवटपर्यंत ऐकतों.