अस्तराची वाकळ

पहाटे साडेपाच
रामनवमी होऊन आठ दिवस झाले. पोहरादेवीच्या यात्रेची गर्दी ओसरली. आता मानोऱ्यात ऊन आणि लग्नसराई. नऊनंतर अंगणात उभं राहवत नाही, म्हणून कात्रणं आत्ताच धुते. रंगीत एका बादलीत, पांढरी दुसरीत. कोरं सुती कापड धुतल्याशिवाय वाकळीत घालायचं नाही, हे मी स्वतःच्या खर्चानं शिकले. पहिल्याच वर्षी एकीच्या वाकळीला लाल अस्तराची कोरी पट्टी लावली होती. पहिल्या धुण्यात तिचा रंग शेजारच्या पांढऱ्या धोतराच्या तुकड्यांवर उतरला, वर पट्टी आटून भोवतीचं सगळं चुणलं. पैसे परत दिले.

सकाळी आठ
दुकान म्हणजे घराची पुढची खोली. साडेअकरापर्यंत ब्लाउज आणि फक्त ब्लाउज. कापताना खाली पडेल ते पायानं टेबलाखालच्या पोत्याकडे सारायचं, झाडूला लागू द्यायचं नाही.

साडेअकरा
पोतं उलटं करते. लोकांना वाटतं, वाकळीत शिवण्याचंच काम मोठं. शिवायला हात पुरतो. डोकं लागतं निवडायला. सासूबाईंच्या काळी लुगडी सुती, धोतरं सुती, जे हाती येईल ते चाले. आता दहा ब्लाउजांच्या कात्रणात वरचं कापड बहुतेक टेरिलीनचं, नाहीतर जरीचं, टिकल्यांचं. सुती सापडतं ते अस्तरात. नवरीच्या ब्लाउजमधलं जे कुणाला दिसत नाही, तेच माझ्या कामाचं.

शंका आली की एक दोरा ओढायचा आणि काडी लावायची. सुती दोऱ्याला जळक्या कागदाचा वास येतो, राख चिमटीत चुरते. टेरिलीन वितळतं आणि टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा कडक मणी धरतं. असलं कापड घाम टिपत नाही, वाकळीचे थरही सरकत राहतात. त्याची पायपुसणी होतात, खुशाल करावीत. कधी बंजारा तांड्यावरून जुन्या फेटियाचे, म्हणजे बायकांच्या घागऱ्याचे, तुकडे येतात. काय त्यांचे रंग! पण आधी काचा उसवाव्या लागतात. काचांवर कोण निजेल?

मग ढीग लावते. जाड, घट्ट विणीचे तुकडे कडेला आणि पायथ्याला, कारण ओढाताण तिथेच. मऊ ते गळ्याशी. दोन बोटांहून लहान चुरा उशीत भरायचा.

दुपारी एक
भाकरी, तुरीचं वरण, कांदा. समोरच्या कॅलेंडरवर गाडगेबाबा. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. अंगावरच्या चिंध्यांमुळे लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. मी चिंधी केरात टाकली की सासूबाई काही बोलत नसत, नुसतं त्या चित्राकडे बघत. जेवून अर्धा तास डोळा लागतो.

दोन ते पाच
चटईवर खाली जुनं लुगडं, मध्ये विरलेले कपडे, वर ठिगळं. आधी लांब कच्चे टाके घालून थर बांधून घेते. मग धावदोरा, कडेनं सुरू करून आत आत, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा. फेरीगणिक तळहात फिरवत राहायचं, नाहीतर मध्याशी फुगा साचतो आणि तो मग कशानंही जात नाही. तीन तासांत दोनच फेऱ्या होतात. बोटाला टोपण आहे, तरी सुई आपली जागा शोधतेच.

साडेपाच
तांड्यावरची एक बाई गाठोडं घेऊन आली.
"बाई, मायचं लुगडं हाय. वाकय करून दे वं. हे वरतं दिसलं पायजे."
मी ते उजेडाकडे धरलं. पलीकडची खिडकी दिसली.
"वरतं टिकत नाही हे. दोन धुण्यात फाटते. पोटात घालतो."
"पोटात घातल्यावर मले कसं दिसन?"
काठ चाचपून पाहिला. लुगडं विरलं होतं, काठ मात्र अजून घट्ट. म्हटलं, काठ उसवून उशाकडं लावते, निजताना हाताला लागेल. वाकळीचा उसं-पायथा एरवी पटकन कळत नाही, आता या काठानं कळेल. ती काही बोलली नाही. तिनं काठावरून दोनदा बोट फिरवलं आणि कधी येऊ म्हणून विचारलं. वैशाख सरता ये, म्हटलं.

रात्री नऊ
वाळलेली कात्रणं घडी घालत होते आणि लाईट गेली. आतून आवाज आला, "राहू दे आता." पण निवडायला उजेड कशाला लागतो? सुती बोटाला किंचित धरतं, टेरिलीन निसटतं. अंधारातच डावीकडे एक, उजवीकडे एक ढीग झाला. एक तुकडा मात्र कळेना. धरतही होता, निसटतही होता. काडीपेटी चुलीपाशी, उठायचा कंटाळा. मशीनच्या पायाखाली दाबून ठेवलाय सकाळपर्यंत.