टोपीतली डहाळी

जर्मनीत सोळा-सतरा वर्षांची मुलगी किंवा मुलगा पहिल्यांदा हरीण टिपतो, तेव्हा त्याच्या हाती पडणाऱ्या भेटीला बाजारात कवडीचीही किंमत नसते. ओक, पाइन, स्प्रूस, फर आणि आल्डर या पाच झाडांपैकी जे जवळ असेल त्याची ती एक छोटी डहाळी असते. ती सुरीने कापायची नाही, हाताने मोडायची. सोबतचा जाणता शिकारी ती जनावराच्या जखमेवरून फिरवतो, रक्ताने ओली झाली की आपल्या टोपीवर किंवा सुरीच्या पात्यावर ठेवून पुढे करतो आणि म्हणतो, ‘वाइडमान्सहाइल.’ नवख्याने ‘वाइडमान्सडांक’ म्हणून ती घ्यायची आणि टोपीच्या उजव्या बाजूला खोचायची.

पण ही दुसरी डहाळी. पहिली जनावराला मिळते. मेलेल्या हरणाच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात आणि तिला ‘शेवटचा घास’ म्हणतात. जखमी जनावर कुत्र्याने माग काढून शोधलेले असेल, तर शिकाऱ्याने आपल्या डहाळीचा तुकडा मोडून कुत्रा सांभाळणाऱ्याला द्यायचा आणि त्याने त्यातला एक भाग कुत्र्याच्या पट्ट्यात अडकवायचा. मारणाऱ्याच्या कौतुकाआधी मेलेल्याचा मान, आणि नंतर त्या कौतुकातही वाटेकरी, असा हा क्रम आहे. पहिल्या शिकारीच्या दिवशी तो मुलांच्या अंगी मुरतो. शिकारीच्या परंपरांवर जेवढे म्हणून वाचले, त्यात या क्रमाइतके विचारपूर्वक घडवलेले मला दुसरे काही आढळले नाही.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हटले की जुन्या संस्थानिकांचे फोटो किंवा चोरटी शिकार, एवढेच डोळ्यांपुढे येते. तो कायदा हवाच होता. जर्मनीत परिस्थिती वेगळी आहे. तिथे लांडगे आणि अस्वले एके काळी जवळजवळ संपली आणि हरणे, रानडुकरे वाढली. कोवळी रोपे आणि उभी पिके ती फस्त करतात. त्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे काम चार लाखांहून अधिक परवानाधारक शिकाऱ्यांकडे आहे. परवान्याची परीक्षा अशी अवघड, की लोक तिला ‘हिरवी बारावी’ म्हणावी अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. लेखी, तोंडी, नेमबाजी. त्यात प्राण्यांचे रोग, मांसाची स्वच्छता, वनस्पती, कायदा, सगळे आले.

परीक्षा पास झाली तरी जंगल मिळत नाही. जर्मन कायद्यात शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीला जोडलेला आहे. सलग किमान 75 हेक्टर जमीन असेल तर स्वतःचे शिकारक्षेत्र होते. लहान शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून त्यांचा हक्क भाडेपट्ट्याने दिला जातो. पट्टा घ्यायचा तर आधी तीन वर्षे परवाना बाळगलेला असावा लागतो. शिवाय अठरा वर्षांखालच्यांना जाणत्या माणसाच्या सोबतीशिवाय शिकार करताच येत नाही. म्हणजे जमीनदाराच्या घरात जन्म नसेल, तर निदान तीन वर्षे तरी कोणा वडीलधाऱ्याच्या मर्जीवर नवख्याचे सगळे अवलंबून. तो वडीलधारा पट्ट्याचे पैसे भरतो, डुकरांनी केलेल्या नुकसानीची भरपाई बहुधा तोच देतो, आणि आपल्या वाट्याचा एक नर या पोरासाठी राखून ठेवतो. खरी भेट ती. डहाळी ही तिची पावती.

पुढे टिकणाऱ्या वस्तूही येतात. मांस सहसा क्षेत्र चालवणाऱ्याचे. हृदय, कलेजी, गुर्दे मात्र जनावर साफ करणाऱ्याला मिळतात. शिंगांसह कवटी उकळून, पांढरी करून फळीवर बसवतात आणि मागे तारीख लिहितात. मोठ्या लाल हरणाच्या वरच्या जबड्यात दोन गुळगुळीत, हस्तिदंतासारखे सुळे असतात. ते चांदीत मढवून लॉकेट किंवा कर्णफुले करतात आणि ती घरात पिढ्यान्‌पिढ्या चालतात. डहाळी वाळते, गळते. तरी शिकारी गेला की अंत्यविधीला आलेले सोबती टोपीच्या डाव्या बाजूला डहाळी लावून येतात आणि ती थडग्यात टाकतात.

कॅनडातल्या नुनाविकमध्ये, म्हणजे क्वेबेकच्या उत्तर टोकाच्या इनुइट वस्त्यांत, भेटीची दिशाच उलटी आहे. बाळाच्या जन्माच्या वेळी त्याची नाळ कापणारी बाई ही त्याची ‘सानाजिक’. मुलगा तिचा ‘आंगुसिआक’. ती त्याच्या गुणांची कामना करते, लहानपणापासून त्याला काहीबाही देत राहते. मोठा होऊन तो पहिला मासा पकडतो, पहिला पक्षी किंवा पहिला सील मारतो, तेव्हा ती शिकार तिच्याकडे जाते. मुलगी असेल तर तिचे पहिले शिवणकाम जाते. हाती काही उरत नाही, आणि गावभर माहीत होते की हा आता दुसऱ्याला पोसू शकतो. आठवण म्हणून जपावे असे यापेक्षा मोठे काय असेल?

इंग्लंडातली कोल्ह्याच्या शिकारीची रीत मला, आठवण स्वतःच्या कृत्याची असावी, या कसोटीवर उणी वाटते. पहिल्यांदा आलेल्या मुलाच्या गालाला कोल्ह्याचे रक्त फासत आणि शेपूट, डोके किंवा पंजा बक्षीस देत. पंजा लाकडावर बसवून खाली तारीख कोरलेली असे. पण कोल्हा मारलेला असे कुत्र्यांनी. मुलाने नेम धरलेला नसतो, थांबायचे की झाडायचे हा निर्णय घेतलेला नसतो, नंतर हात घालून जनावर साफ केलेले नसते. ज्या कृत्याची जबाबदारी त्याची नाही, त्याची आठवण त्याच्या भिंतीवर टांगली जाते. कुत्र्यांकडून होणारी ही शिकार इंग्लंड-वेल्समध्ये फेब्रुवारी 2005 पासून बंद आहे.

अमेरिकेत नवख्यांना जपण्यामागे पैशाचेही कारण आहे. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवरच्या 11 टक्के कराचे उत्पन्न राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवले. शिकारी घटले तर परवान्यांचे शुल्क घटते, आणि हा निधीही धोक्यात येतो. 2016 च्या राष्ट्रीय पाहणीत शिकारी सुमारे 1 कोटी 15 लाख उरले होते. शिकारी घटू नयेत म्हणूनच राज्यांनी नवख्यांसाठी मार्गदर्शकासह शिकारीचे परवाने काढले. घरोघरी आजोबा नातवाला नाव-तारीख कोरलेली सुरी देतात. काही राज्यांची खाती पहिल्या शिकारीचे प्रमाणपत्र देतात. सुरी मला पटते. जनावर सोलायला, साफ करायला ती लागते, म्हणजे गोळी झाडल्यानंतरच्या कामाची ती आठवण देते.

विस्कॉन्सिनने मात्र नोव्हेंबर 2017 मध्ये मार्गदर्शकासह शिकारीसाठीची किमान वयाची अटच काढून टाकली. त्या हंगामात वर्षाच्या आतल्या दहा बाळांच्या नावाने परवाने विकले गेल्याच्या बातम्या आल्या. बाळ बंदूक उचलणार नाही, हे उघड आहे. तो कागद फ्रेम करून ठेवण्यापुरता. त्याने कोणाचे नुकसान झाले नाही. तरी शिकण्याच्या आधीच शिकल्याची खूण देणे मला मुलांच्या दृष्टीने वाईट वाटते. पहिल्या शिकारीची वाट पाहण्यातली सारी ओढ त्याने हिरावली जाते.

त्याहून गंभीर बदल त्याच कायद्यात होता आणि त्याची चर्चा कमी झाली. आधी मार्गदर्शक आणि शिकाऊ या दोघांत मिळून एकच बंदूक बाळगता येई. म्हणजे मोठ्याला स्वतःची शिकार बाजूला ठेवून फक्त मुलाकडे लक्ष द्यावे लागे. 2017 नंतर दोघेही आपापली बंदूक घेऊ शकतात. मार्गदर्शकाने हाताच्या अंतरावर राहावे, एवढी अट उरली. मुलाला द्यायची खरी वस्तू त्या सकाळी मोठ्याचे पूर्ण लक्ष हीच होती. एका बंदुकीची ती अट विस्कॉन्सिनने परत आणायला हवी.