पॅक-मॅनच्या ३१ ओळी

सकाळी ६. मल्लेश्वरममध्ये शनिवारी या वेळेला दूधवाले आणि फुलवाले तेवढे जागे असतात. फिल्टर कॉफी घेऊन मी ग्राफ पेपर पसरते. नामकोचा १९८० चा पॅक-मॅन ४८ के स्पेक्ट्रमवर उतरवायचा आहे. हाच संगणक आपल्याकडे डेसिबेल्स कंपनी परवान्यावर ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ नावानं विकायची. प्रोसेसर मूळ आर्केड यंत्रात आणि स्पेक्ट्रममध्ये, दोन्हीकडे झेड-८०, स्पेक्ट्रमचा तर थोडा वेगवानच. घोडं पेंड खातं ते पडद्यापाशी. आर्केडचा पडदा उभा, त्यात चक्रव्यूहाचे २८ रकाने आणि ३१ ओळी. स्पेक्ट्रमचा आडवा: ३२ रकाने, २४ ओळी. उरलेल्या ७ ओळी कुठे घालायच्या?

८. चक्रव्यूह वरखाली सरकवायचा म्हटलं, तर चित्राचे ६,१४४ बाइट एलडीआयआर या साध्या नकल-आज्ञेनं हलवायला प्रोसेसरचे सुमारे १,२९,००० ठोके लागतात. एका फ्रेममध्ये मिळतात ६९,८८८. बाद. ओळी कापल्या, तर वळणं बदलतात आणि पाठलागच वेगळा होतो. तेही नको. मग घराची उंची ८ ऐवजी ६ पिक्सेल केली. ३१ सक १८६, आणि पडदा १९२ चा. बसलं! गुणांसाठी उजवीकडे चार रकाने उरले, त्यात पाच पिक्सेल रुंदीचे सहा बारीक आकडे मावतात.

याची किंमत रंगांत मोजावी लागली. स्पेक्ट्रम ८ बाय ८ च्या चौकटीत दोनच रंग देतो, त्यामुळे लाल भूत जाता जाता निळी भिंतही लाल करतं. म्हणून सगळं एकरंगी केलं आणि प्रत्येक भुताला वेगळे डोळे दिले. रंग गेल्याचं वाईट वाटतं. पण लाल भूत थेट मागे लागतं, गुलाबी चार घरं पुढचा नेम धरतं. तोरू इवातानींचा खेळ मला तरी या स्वभावांतच दिसतो.

११. आजचं खरं काम. घरं बुटकी झाल्यामुळे उभ्या गल्लीत सगळे एक तृतीयांश जास्त वेगानं धावतील. म्हणून आतला सारा हिशेब मूळच्या ८ बाय ८ मापातच ठेवला आणि फक्त चित्र काढताना उंचीतून पाव भाग वजा केला. झेड-८० ला हे सोपं: आकडा दोनदा उजवीकडे सरकवायचा आणि मूळ आकड्यातून वजा करायचा. कोपऱ्यावर किंचित आधी वळून भुताच्या हातून निसटण्याची पॅक-मॅनची खुबी त्यामुळे शाबूत राहिली. मूळ पडदा सेकंदाला सुमारे ६० वेळा उमटतो, इथला ५०. तेव्हा दर पाच फ्रेमना सहा पावलं.

दुपारी १९२ ओळींच्या पत्त्यांचा तक्ता. कंटाळवाणं काम, पण या ओळी मेमरीत क्रमानं नसतात, त्यामुळे टाळता येत नाही. ४ वाजता एसपी रोडवरून ऑडिओ केबल आणली.

७. लॅपटॉपमधून टेपचा आवाज सोडून खेळ लोड केला. भाचा खेळायला बसला.

“मावशी, हे मोठ्या डोळ्यांचं दरवेळी पुढूनच अडवतं गं.”

“मग तू काय करतोस?”

“कोपरा आला की आधीच वळतो.”

त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. मला फार आनंद झाला.

९. घाबरलेली भुतं मूळ खेळात निळी होतात. इथे ती पोकळ, नुसत्या रेषेची काढली. वेळ संपत आली की तिथे ती निळी-पांढरी लुकलुकतात. इथे पोकळ आणि भरीव चित्रं आळीपाळीनं दाखवली की तोच इशारा पोचतो.