आधी नावाची तयारी, मग बॅगेची

"ते सगळं ठीक आहे गं, पण डब्याचं काय?"

अंदमानच्या सहलीचे पैसे भरून घरी आले, तेव्हा पहिला प्रश्न हा आला. विचारणारे अर्थातच आमचे 'हे'. आधी भोसरीच्या आणि आता चाकणच्या कारखान्यात त्यांची नोकरी. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक सेकंड, एक नाइट. त्यांची शिफ्ट बदलली की माझ्या कुकरच्या शिट्टीची वेळ बदलायची. पहाटेचा डबा सत्तावीस वर्षांत चुकला असेल तो बाळंतपणात आणि सासूबाई गेल्या तेव्हा. आता सात दिवस मी घरात नसणार, म्हणजे काय?

मैत्रिणींनो, आम्ही भोसरीतल्या भिशीच्या अकराजणी. देवदर्शनाला बसने गेलोय, पण विमानात बसलेल्या दोघीच. नवरा-मुलांशिवाय इतक्या लांब तर कोणीच नाही. म्हणून टूर कंपनीबरोबर, सोबत मॅनेजर असणारी सहल घेतली. आता निघायला आठ दिवस राहिलेत. या तीन महिन्यांच्या तयारीत जे शिकले, ते तुमच्याही उपयोगी पडेल.

या तिघी कोण?

पहिली अडचण बॅगेची नव्हती, नावाची होती. शाळेच्या दाखल्यावर आणि पॅन कार्डावर माझं माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलं गेलं ते नाव आधार कार्डावर. आणि बुकिंगच्या फॉर्मवर मी बिनधास्त लिहिलं ते भिशीत सगळ्या हाक मारतात ते! ऑफिसातल्या मुलीचा फोन आला, "काकू, तिकीट कोणाच्या नावावर काढू? या तिघी कोण?" आधी खूप हसले. मग फोन ठेवून जरा वेळ गप्प बसून राहिले.

अंदमानला जायला भारतीयांना पासपोर्ट लागत नाही, पण विमानतळावर फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र दाखवावं लागतं. तिकिटावरचं नाव त्याच्याशी जुळलं पाहिजे. आमच्यातल्या चौघींची नावं जुळत नव्हती. कार्डावर दुरुस्ती करायला दिवस लागतात. तेव्हा सहल ठरली की सगळ्यात आधी कार्ड काढून आपलं नाव वाचा.

रंगीत तालीम

घराची तयारी कशी करायची, हे भिशीतल्या थोरल्या काकूंनी सांगितलं. "आधी दोन दिवस बहिणीकडे जाऊन राहा. घरी फोन करायचा नाही." गेले नारायणगावला. संध्याकाळपर्यंत यांचे पाच फोन. जिरं कुठे, गॅसचं पुस्तक कुठे, कुकरला शिट्ट्या किती? पण खरं सांगू? फोन आला नाही की मलाच चैन पडत नव्हतं. "दूध तापवलं का?" असं मीच दोनदा विचारलं. बहीण म्हणाली, "तुला घर सोडत नाही की तू घराला?"

परत आले आणि सरळ कामाला लागले. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. गॅस, दूधवाला, डॉक्टर, सगळ्यांचे नंबर फ्रिजवर चिकटवले. मुलाला वॉशिंग मशीन शिकवलं. सात दिवसांच्या भाज्या करून फ्रिजमध्ये भरायचा मोह मात्र टाळला. तसं केलं असतं तर मी अंदमानात आणि माझा जीव फ्रिजमध्ये! परवा यांनी स्वतः पिठलं केलं. गुठळ्या होत्या, पण डबा रिकामा परत आला.

पाय, पोट आणि समुद्र

सहलीत चालणं भरपूर असतं, शिवाय बोटीत चढ-उतार. म्हणून आम्ही महिनाभर रोज सकाळी चालतोय. रविवारी निगडीची दुर्गा टेकडी चढतो. नवे बूट तिथे जाऊन घालू नका, आधीच पायात रुळू द्या.

श्री विजयपुरमहून स्वराज द्वीपला बोटीने दीड ते अडीच तास लागतात. (नावं ऐकून गोंधळू नका. २०१८ पर्यंत हॅवलॉक म्हणत ते आता स्वराज द्वीप आणि पोर्ट ब्लेअर ते २०२४ पासून श्री विजयपुरम.) घाटात ज्यांना मळमळतं त्यांनी बोट लागण्याच्या गोळीबद्दल आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. बीपी-शुगरची औषधं मोठ्या बॅगेत नकोत, हातातल्या पर्समध्ये हवीत. पाळी पुढे ढकलायची गोळी मैत्रिणीने दिली म्हणून घेऊ नका, तीही डॉक्टरांना विचारूनच.

बॅगेत काय?

सुती कपडे, टोपी, छत्री, भिजले तरी चालतील असे दोन ड्रेस. मोबाइलची पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवायची, मोठ्या बॅगेत चालत नाही. कात्री, सुरी मोठ्या बॅगेत. लोणचंही हातातल्या बॅगेत नको. आणि सुक्या खोबऱ्याची वाटी तर घेऊच नका. तेलकट असल्याने ती पेट घेऊ शकते, म्हणून विमानात बंदी आहे. आमच्या एकीची खोबरं घातलेली लसणीची चटणी ऐन वेळी शेंगदाण्याची झाली, ती यामुळे!

येताना शंख-शिंपले किंवा पोवळ्याचे तुकडे किनाऱ्यावरून उचलून आणू नका, कायद्याने मनाई आहे. बाराटांगला जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथे फोटो काढायचे नाहीत, खाऊ द्यायचा नाही. ती माणसं म्हणजे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. आणि हो, अंदमान इतकं पूर्वेला की थंडीत पाच-साडेपाचलाच सूर्य मावळतो. फिरायचं ते सकाळी लवकर.

अंदमानच का?

गोवा जवळ असताना इतक्या लांब कशाला, असं पुष्कळांनी विचारलं. आम्ही चिंचवडच्या चापेकर चौकातून कायम जाणाऱ्या बायका. चापेकरांच्या फाशीने पेटून उठलेला नाशिककडचा मुलगा पुढे ज्या काळ्या पाण्यावर गेला, ते सेल्युलर जेल पाहायची सगळ्यांचीच इच्छा होती. सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत.

पण तयारीच्या निमित्ताने वाचायला बसले आणि मनात घर केलं ते येसूवहिनींनी. सावरकरांचे थोरले बंधू बाबाराव यांच्या त्या पत्नी. १९०९ मध्ये बाबारावांना जन्मठेप झाली. पुढची जवळपास दहा वर्षं येसूवहिनी नवऱ्याची भेट मिळावी म्हणून वाट पाहत राहिल्या. १९१९ मध्ये परवानगी आली, ती त्या गेल्यानंतर. त्याच वर्षी धाकटी जाऊ, म्हणजे माई सावरकर, दीर नारायणरावांबरोबर समुद्र ओलांडून तिथे पोहोचल्या. नवऱ्याला भेटल्या, आणि वहिनी गेल्याची बातमीही तिथे पोहोचली.

हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. त्या बाईला परवानगी सरकारची हवी होती. आम्ही कोणाच्या परवानगीसाठी इतकी वर्षं थांबलो? यांनी 'नको' कधी म्हटलंच नव्हतं. मीच कधी विचारलं नव्हतं.

काल तिकीट हातात आलं. चष्मा लावून एकेक अक्षर जुळवून पाहिलं. नाव बरोबर आहे. मी ते फ्रिजवर, दूधवाल्याच्या नंबराशेजारी लावलंय.

"डब्याचं काय?" आज मीच यांना विचारलं.

"तू जा गं," पीठ भिजवता भिजवता हे म्हणाले, "फक्त मीठ किती ते सांगून जा."