कुत्र्याला शिकवायला ‘टिक्’ आवाज कशाला? क्लिकर ट्रेनिंग म्हणजे नेमकं काय?

पुण्यात सकाळी वेताळ टेकडीवर किंवा एखाद्या सोसायटीच्या गेटपाशी हे दृश्य हमखास दिसतं. समोरून दुसरा कुत्रा येतो, आपला भुंकतो, मालक पट्टा खेचून एक फटका देतो. कुत्रा गप्प होतो. पण त्याला कळलं काय? बऱ्याचदा एवढंच, की दुसरा कुत्रा दिसला की मार बसतो. मग पुढच्या वेळी तो आणखी चवताळतो.

क्लिकर ट्रेनिंग इथेच वेगळं पडतं. क्लिकर म्हणजे मुठीत मावणारी छोटी डबी, दाबली की ‘टिक्’ वाजते. जत्रेत मिळायचा त्या पत्र्याच्या बेडकासारखी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५१च्या लेखात असंच खेळणं सुचवलं होतं. पद्धत घरोघरी पोचली ती १९९०च्या दशकात, डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांच्यामुळे.

टिक् कशासाठी?

वेळ साधण्यासाठी. कुत्रा बसला, तुम्ही खिशातून खाऊ काढेपर्यंत तो उठून उडी मारतो. खाऊ मिळाला तो उडीला! ‘टिक्’ नेमक्या बसण्याच्या क्षणी वाजते आणि त्याला सांगते, ‘हेच बरोबर, खाऊ येतोय.’

सुरुवातीला फक्त टिक् आणि लगेच शेंगदाण्याएवढा पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा (मीठ, कांदा, मसाला नको). असं दहा-पंधरा वेळा. मग तो आपणहून बसला की टिक्. ‘बस’ हा शब्द नंतर. टिक् वाजली की खाऊ द्यायचाच, चुकून वाजली तरी. आणि कुत्र्याला बोलवायला क्लिकर वापरू नका, तो रिमोट नाही.

खाऊ देऊन कुत्रा लाडावतो?

बॉम्ब किंवा अमली पदार्थ हुंगणारे कुत्रेसुद्धा जगभर बॉल किंवा खाऊच्या बक्षिसावरच तयार केले जातात. उलट माराचे परिणाम मोजले गेलेत. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात (२०२०) शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली.

मात्र क्लिकर म्हणजे जादू नाही. इटलीत २०१६ साली ५१ कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात क्लिकर, शाबासकीचा शब्द आणि नुसता खाऊ यांत फारसा फरक आढळला नाही. त्यामुळे डबी नसेल तर छोटासा, ठरलेला ‘येस’ही चालतो. आवाजाला दचकणाऱ्या कुत्र्यासाठी बॉलपेनची टिकटिक बरी.

आता टेकडीवरचा तो कुत्रा. दुसरा कुत्रा दिसतोय, पण आपला अजून भुंकत नाही, इतक्या अंतरावर थांबायचं. त्याने शांतपणे पाहिलं की टिक्, खाऊ. काही दिवसांनी चार पावलं पुढे. भुंकला, तर घाई झाली असं समजून पुन्हा मागे.