दाखल्याचे वजन

दिवाणी न्यायालयाच्या आवारात सकाळी अकराच्या सुमारास जो घटकाभर उभा राहील, त्याला एखादा अशील वर्तमानपत्राचे घडी घातलेले कात्रण वकिलांपुढे धरून, "साहेब, सुप्रीम कोर्टाने आपलीच बाजू मान्य केली आहे, आता दावा जिंकल्यातच जमा," असे सांगताना हमखास आढळेल. आणि वकीलसाहेब ते कात्रण न वाचताच, निव्वळ सौजन्यापोटी, कज्ज्याच्या दप्तरात ठेवून देतात, हेही त्याच्या नजरेतून सुटणार नाही.

अशिलाची समजूत निराधार नाही, अर्धवट आहे. राज्यघटनेच्या १४१ व्या अनुच्छेदाने सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा भारतातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक केला आहे खरा. परंतु बंधन येते ते प्रकरणातील वस्तुस्थितीवरून निर्णयाप्रत पोहोचण्यास जे तत्त्व अपरिहार्य होते त्याचे, न्यायमूर्तींनी जाता जाता काढलेल्या प्रत्येक उद्गाराचे नव्हे. निर्णय प्रत्यक्षात ज्या मुद्द्याचा निवाडा करतो तेवढ्यापुरताच तो प्रमाण असतो, त्यातून तर्काने जे जे निष्पन्न होईल त्याला तो प्रमाण नसतो, असे खुद्द सर्वोच्च न्यायालयानेच ओरिसा राज्य विरुद्ध सुधांशु शेखर मिश्र या प्रकरणात बजावले आहे. म्हणूनच प्रतिपक्षाने रूलिंग पुढे केले की त्यातली हकीकत वेगळी आणि आपली वेगळी, हे दाखविण्यात वकिलाचे निम्मे कसब खर्ची पडते. कात्रण दुसऱ्या राज्याच्या उच्च न्यायालयाचे असेल, तर त्याचे मोल आणखी उतरते: मुंबई उच्च न्यायालयाने लावलेला कायद्याचा अर्थ महाराष्ट्रातील व गोव्यातील कनिष्ठ न्यायालयांना मानावाच लागतो, मद्रासच्या न्यायालयाला तो विचारार्ह वाटला तर वाटला.

दुसरा ग्रह असा, की सर्वोच्च न्यायालय एकदा बोलले की स्वतःच्या शब्दाने कायमचे जखडले जाते. येथे विक्रीकराची एक जुनी तक्रार आठवते. कलकत्त्याची बेंगॉल इम्युनिटी कंपनी लशी व औषधे तयार करी. बिहारात तिची कचेरी नव्हती, वखार नव्हती, अडत्याही नव्हता, केवळ मागणीबरहुकूम माल आगगाडीने, आगबोटीने किंवा विमानाने रवाना होई. तरीही बिहार सरकारने तिच्याकडे विक्रीकराची मागणी केली. या मागणीस भक्कम आधार होता, कारण १९५३ साली मुंबई राज्य विरुद्ध युनायटेड मोटर्स या प्रकरणात, माल ज्या राज्यात उपभोगासाठी पोहोचता होतो त्या राज्याला कर घेता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले होते. अवघ्या दोन वर्षांनी सात न्यायाधीशांच्या पीठाने, चार विरुद्ध तीन अशा काठावरच्या बहुमताने, तो निर्णय फिरविला आणि १४१ व्या अनुच्छेदातील 'सर्व न्यायालये' या शब्दांत स्वतः सर्वोच्च न्यायालय येत नाही, असेही सांगितले. दाखल्यांची ही पद्धत आपण ज्या इंग्लंडकडून घेतली, तेथील हाउस ऑफ लॉर्ड्सने स्वतःला अशी मोकळीक दिली ती १९६६ साली, हे ध्यानात घेतले म्हणजे आपल्या न्यायालयाच्या धिटाईची कल्पना येते. मात्र या धिटाईचा भुर्दंड लहान नव्हता: जुन्या अर्थावर विसंबून राज्यांनी वसूल केलेला कर धोक्यात आला आणि संसदेला १९५६ साली कायदा करून १ एप्रिल १९५१ ते ६ सप्टेंबर १९५५ या काळातील वसुली वैध ठरवावी लागली; त्याच वर्षी याच विषयावर घटनेत सहावी दुरुस्तीही झाली.

बहुमतात नसलेले निकालपत्र म्हणजे रद्दी, ही समजूत तर सर्वांत दुबळी. आणीबाणीत, १९७६ साली, सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायाधीशांनी स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद केले. पाचवे, न्यायमूर्ती ह. रा. खन्ना, वेगळे राहिले. त्यांच्या मताला कायद्याचे बळ नव्हते, पण पुढील पिढीच्या युक्तिवादांना ते सतत आधार पुरवीत राहिले, आणि २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठासमोरील खाजगीपणाच्या प्रकरणात बहुमताचा तो निर्णय मोडीत निघाला. तो मोडीत काढणारे निकालपत्र लिहिणाऱ्या न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचे वडील, पुण्याचे यशवंतराव, १९७६ च्या त्या चौघांतले एक होते.

आता मूळच्या अशिलाकडे वळू. कारण त्याचा खरा प्रश्न बहुधा वेगळाच असतो: भाऊबंदकीतला जुना दावा आपण हरलो होतो, आता कायद्याचा अर्थ बदलला, तर तो पुन्हा उघडता येईल ना? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सत्तेचाळिसाव्या आदेशाला १९७६ च्या दुरुस्तीने जोडलेले स्पष्टीकरण याचे उत्तर नकारार्थी देते. ज्या कायदेशीर प्रश्नावर निकाल आधारलेला होता त्यावरील मत वरिष्ठ न्यायालयाने नंतर दुसऱ्या प्रकरणात बदलले, एवढ्याच कारणावरून त्या निकालाचे पुनर्विलोकन मागता येत नाही. वेळेत अपील केले नसेल, तर चुकीच्या अर्थावर उभा असलेला हुकूमनामाही तसाच उभा राहतो, आणि त्याच हुकूमनाम्याने भावाकडे गेलेले शेत भावाकडेच राहते.